बावन्न कोटी ओळी, आठ जीबी मेमरी

या वेळच्या टपालात तक्त्यांचीच गर्दी आहे. पहिलं पत्र सविस्तर घेते, कारण त्याच्या उत्तरात पुढच्या पत्रांची निम्मी उत्तरं येऊन जातात.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी हवामानाच्या नोंदींवर प्रबंध लिहितो आहे. २४ महिन्यांच्या २४ सीएसव्ही फाइली (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेले साधे मजकुराचे तक्ते) आहेत. ५०० केंद्रं, प्रत्येकाची दर मिनिटाला एक नोंद, म्हणजे एका फाइलीत सुमारे २.१६ कोटी ओळी. केंद्राचं नाव, वेळ आणि दहा मापं असे बारा कॉलम. मला हवं ते अगदी थोडं आहे: प्रत्येक केंद्राचं, दिवसाच्या प्रत्येक तासाचं सरासरी तापमान. पण पांडाजमध्ये (पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी) सगळ्या फाइली वाचून एकाखाली एक जोडायला गेलो की लॅपटॉप आधी रखडतो आणि मग पडद्यावर 'किल्ड' एवढाच शब्द उमटतो. रॅम ८ जीबी आहे. शेवटी प्रत्येक फाइलीची वेगळी सरासरी काढली आणि त्या २४ सरासऱ्यांची पुन्हा सरासरी घेतली. आकडे आले, पण मार्गदर्शकांनी मोठ्या मशीनवर काढलेल्या आकड्यांशी काही केंद्रांचे आकडे जुळत नाहीत. १६ जीबीचा लॅपटॉप घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. १६ जीबीवरही तोच शब्द दिसेल, फक्त थोड्या उशिरा. हिशेब मांडून बघा. दहा मापांचे आकडे प्रत्येकी ८ बाइटचे, म्हणजे एका ओळीला ८० बाइट. २.१६ कोटी ओळींचे झाले १.७३ जीबी. अशा २४ फाइली म्हणजे ४१.५ जीबी, आणि यात केंद्राचं नाव किंवा वेळ अजून धरलेलीच नाही. पायथनमध्ये साधी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, रिकामी असली तरी चाळीसहून जास्त बाइट खाते, अक्षरं त्यावर वेगळी. शिवाय जोडताना पांडाज नवा तक्ता तयार करतं आणि तो पुरा होईपर्यंत जुने २४ तक्तेही जागा अडवून असतात. म्हणजे नुसत्या आकड्यांसाठीच काही काळ ८३ जीबी लागणार. एवढी रॅम विकत घेण्याचा सल्ला देणारे भेटतात, मी त्यांच्यातली नाही.

'किल्ड' हा शब्द पायथनचा नाही, हेही सांगून ठेवते. मेमरी पार संपली की लिनक्सचं कर्नल (प्रणालीचा गाभा) भरपूर मेमरी अडवून बसलेली एखादी प्रक्रिया निवडतं आणि ती थेट बंद करतं. पायथनला स्वतःची तक्रार छापायलाही सवड मिळत नाही. त्यामुळे प्रोग्रामच्या कोणत्या ओळीत चूक आहे हे शोधत बसू नका. ओळ बरोबर आहे, बेत चुकलाय.

आता उत्तर केवढं हवंय ते पाहा. ५०० केंद्रं आणि २४ तास, म्हणजे १२,००० गट. प्रत्येक गटासाठी दोनच आकडे हाताशी लागतात: तापमानांची बेरीज आणि नोंदींची संख्या. दोन्ही ८ बाइटचे धरले तरी एकूण १,९२,००० बाइट. एखादा बरा फोटोही याहून मोठा असतो. बावन्न कोटी ओळींपैकी कोणतीही ओळ बेरजेत धरली गेली की तिचं काम संपलं. दारावर माणसं मोजणारा आत येणाऱ्या माणसांना मोजणी संपेपर्यंत अंगणात उभं करून ठेवत नाही. तुम्ही नेमकं तेच करत होतात.

तर कृती अशी. पांडाजच्या रीड-सीएसव्हीला 'युजकोल्स' देऊन तीनच कॉलम मागवा: केंद्र, वेळ, तापमान. 'चंकसाइझ' दहा लाख ओळींचा ठेवा. मग अख्खी फाइल न येता दहा-दहा लाखांचा तुकडा हातात येईल, आणि तीन कॉलमांचा तेवढा तुकडा शंभर-दोनशे एमबीत मावतो. वेळेतून तास काढा, केंद्र आणि तासावर गट पाडा, प्रत्येक गटाची बेरीज आणि संख्या काढा, ती आधीच्या जमेत मिळवा आणि तुकडा सोडून द्या. एखादा गट दोन तुकड्यांत विभागला गेला तर काय, असा प्रश्न मला हमखास येतो. काही होत नाही. बेरजेत बेरीज मिळते, संख्येत संख्या. भागाकार तेवढा मधे कुठेही करायचा नाही, तो अगदी शेवटी.

सांगायला सोपं असलं तरी या कृतीत तीन-चार ठिकाणी पाणी मुरतं.

पहिली जागा म्हणजे मिळवणी. पांडाजमध्ये दोन सिरीज नुसत्या अधिक चिन्हानं मिळवल्या तर जो गट एकीत आहे आणि दुसरीत नाही, त्याचं उत्तर 'नॅन' (आकडाच नाही, अशी रिकामी किंमत) येतं. मग पुढच्या प्रत्येक तुकड्यात ते नॅनच राहतं. महिनाभर बंद पडलेलं केंद्र असं चुपचाप निकालातून गळतं. म्हणून 'अ‍ॅड' वापरा आणि 'फिल-व्हॅल्यू' शून्य ठेवा.

दुसरी जागा, संख्या. 'काउंट' आणि 'साइझ' एकच नव्हेत. काउंट रिकाम्या नोंदी सोडून मोजतं, साइझ सगळ्या ओळी मोजतं. बेरजेत रिकामी नोंद धरलेली नसते. तेव्हा बेरजेला साइझनं भागलंत तर जिथे नोंदी गळल्यात तिथलं तापमान आपोआप खाली येईल.

तिसरी सर्वांत बेरकी. बऱ्याच यंत्रांत माप मिळालं नाही की रिकामी जागा न ठेवता -९९९९ लिहितात. एका तासाच्या गटात महिन्याला १,८०० नोंदी असतात. त्यातल्या १,७९९ नोंदी २५ अंशांच्या आणि एक -९९९९ ची असेल तर सरासरी किती येईल? १९.४. उणे हजार आलं असतं तर कुणीही दचकलं असतं. १९.४ मात्र सरळ प्रबंधात जाऊन बसतं. म्हणून वाचतानाच 'एनए-व्हॅल्यूज' मध्ये तो आकडा सांगा, आणि प्रत्येक फाइलीचं किमान व कमाल तापमान छापून एकदा डोळ्यांखालून घाला. वेळेच्या कॉलमाबाबतही तेवढीच खातरजमा करा. काही फाइली यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) आणि काही स्थानिक वेळेत असतील तर दुपार आणि पहाट एकाच गटात शिरतील आणि कोणताही प्रोग्राम त्याबद्दल हूं की चूं करणार नाही.

चौथी जागा अचूकतेची. मेमरी वाचवायला आकडे ६४ बिटांऐवजी ३२ बिटांत ठेवा असा सल्ला सगळीकडे मिळतो. कॉलम साठवायला तो चांगलाच आहे, तापमानाला सात सार्थ अंक पुरून उरतात. पण जमा ३२ बिटांत करू नका. ३२ बिटांच्या दशांश संख्येत नेमकेपणा २४ बिटांचाच असतो. तुमच्या एका गटात २४ महिन्यांत ४३,२०० नोंदी होतील, ३० अंशांनी बेरीज तेरा लाखांच्या घरात. तिथे ३२ बिटांतल्या दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर ०.१२५ असतं. म्हणजे २५.३७ मिळवायला गेलात की प्रत्यक्षात २५.३७५ मिळणार. पुढे १,६७,७७,२१६ ला पोहोचलात की त्यात १ मिळवला तरी संख्या जागची हलत नाही. ६४ बिटांत ही अडचण तुमच्या कामापुरती येत नाही.

आणि आता ज्यासाठी हे पत्र निवडलं तो भाग, आकडे न जुळण्याचा. एका केंद्राचा दुपारी दोनचा गट घ्या. उन्हाळ्यातल्या एका महिन्यात यंत्र नीट चाललं: १,८०० नोंदी, सरासरी ३०. थंडीतल्या महिन्यात ते बहुतेक काळ बंद होतं: २०० नोंदी, सरासरी २०. तुमच्या पद्धतीनं उत्तर २५. सगळ्या ओळी एकत्र घेतल्या तर ५४,००० अधिक ४,००० भागिले २,०००, म्हणजे २९. मार्गदर्शकांचा आकडा २९ च्या बाजूचा असणार. ज्या केंद्रांच्या नोंदी गळल्या नाहीत त्यांचे आकडे जवळपास जुळले असतील, तेही तपासून बघा.

तुमचं चुकलं असं इथे कुणीही म्हणेल. मी एवढ्यात म्हणणार नाही. २९ हे 'नोंदवल्या गेलेल्या मिनिटांचं' सरासरी तापमान आहे. त्या जागी दुपारी दोन वाजता एरवी किती तापमान असतं, असा तुमचा प्रश्न असेल तर थंडीत यंत्र बंद पडलं म्हणून थंडीचं वजन कमी का व्हावं? तिथे महिन्यांना सारखं वजन देणारं २५ अधिक रास्त आहे, फक्त २०० नोंदींच्या महिन्यावर किती विश्वास टाकायचा ते आधी ठरवून. उलट, काम यंत्राच्या नोंदींचंच असेल, म्हणजे सेन्सरनं सरासरी काय मोजलं एवढंच हवं असेल, तर २९. दोन्हींपैकी काय हवं ते तुम्ही आणि मार्गदर्शकांनी बसून ठरवा आणि प्रबंधात एका वाक्यात लिहा. मला खटकतं ते वेगळं: तुम्ही २५ निवडलं नाहीत, मेमरी पुरली नाही म्हणून ते तुमच्या पदरात पडलं.

म्हणूनच माझा आग्रह आहे की २४ फाइलींची एकच जमा करू नका. प्रत्येक फाइल संपली की तिचा छोटा तक्ता डिस्कवर लिहा: महिना, केंद्र, तास, बेरीज, संख्या. एका फाइलीच्या १२,००० ओळी, चोवीस फाइलींच्या २,८८,०००. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, तेव्हा हा तक्ता तिथेही उघडेल. त्यातून २९ काढा, २५ काढा, ऋतूवार काढा, ५०० पेक्षा कमी नोंदींचे महिने वगळून काढा, मूळ फाइलींना पुन्हा हात लावावा लागत नाही. सतराव्या फाइलीवर वीज गेली तर सतराव्यापासून सुरू करता येतं. आणि चुकून एखादी फाइल दोनदा चालवली तर तिचा तक्ता दुसऱ्यांदा त्याच नावानं लिहिला जातो, दुप्पट जमा होत नाही. एकच धावती जमा ठेवणाऱ्याला ही चूक कळण्याचा मार्गच नसतो.

या तक्त्यात सरासरीचा कॉलम ठेवलात तर बघायला ठेवा, पुढच्या हिशेबात घेऊ नका. सरासरीतून संख्या परत मिळत नाही. बेरीज आणि संख्या असेल तर सरासरी केव्हाही मिळते.

केंद्रांची माहिती (उंची, प्रदेश वगैरे) वेगळ्या तक्त्यात आहे आणि ती जोडायची आहे असंही तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलंय. ती शेवटी जोडा, छोट्या तक्त्याला. बावन्न कोटी ओळींना प्रत्येकी उंचीचा कॉलम चिकटवणं म्हणजे आणखी चार जीबीची सोय करणं. जोडण्याआधी त्या माहितीत एका केंद्राच्या दोन ओळी नाहीत ना ते बघा. केंद्राची जागा बदलली की अशा दुहेरी ओळी होतात. मग जोडताना त्या केंद्राचा प्रत्येक गट दोनदा येतो. केंद्राच्या सरासरीत ते दिसत नाही, प्रदेशाच्या सरासरीत मात्र त्याचं वजन दुप्पट झालेलं असतं. पांडाजच्या 'मर्ज'ला 'व्हॅलिडेट' हा पर्याय याचसाठी आहे, आणि तो वापरणारा माणूस मला क्वचितच भेटतो.

खात्री करायची तर अशी करा: दोन फाइलींच्या पहिल्या एकेक लाख ओळी घ्या, एकदा जोडून थेट सरासरी काढा, एकदा या पद्धतीनं. दशांशाच्या शेवटच्या घरांपर्यंत जुळलं पाहिजे. आणि सगळं झाल्यावर संख्यांची बेरीज अधिक रिकाम्या नोंदी बरोबर एकूण ओळी होतात का तेवढं पाहा.

प्रश्न: मला पायथन येत नाही, एसक्यूएल येतं. महिन्यागणिक वेगवेगळी टेबलं आहेत. हे एका क्वेरीत होत नाही का? इतका खटाटोप कशाला?

उत्तर: होतं. वरचे तुमचे सहवाचकही डकडीबी वापरू शकले असते. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत जन्मलेला हा छोटा डेटाबेस आहे. सर्व्हर नाही, काही उभारायचं नाही. फाइलींच्या नावात तारांकन टाकून सगळ्या सीएसव्ही एकाच टेबलासारख्या वाचतो, मेमरीची मर्यादा घालून देता येते, आणि मर्यादा ओलांडायची वेळ आली तर मधला माल डिस्कवर उतरवून काम पुढे नेतो. आतून करतो तेच, गटवार बेरीज आणि संख्या. पहिल्या पत्राला हातानं करायची कृती सांगितली ती मुद्दाम. यंत्र काय करतंय ते ठाऊक नसेल तर २५ आणि २९ मधला फरक क्वेरी लिहूनही कळत नाही.

तुमच्यासाठी इशारा एकच, पण मोठा. टेबलं एकाखाली एक लावताना 'युनियन ऑल' लिहा, नुसतं 'युनियन' नको. नुसतं युनियन एकसारख्या ओळी काढून टाकतं. केंद्र, तास आणि तापमान एवढेच कॉलम निवडले असतील तर एका तासात २४.१ अंश चाळीस वेळा नोंदलं गेलं असलं तरी त्याची एकच ओळ उरते. सरासरी येते, वेगळ्याच कशाची तरी. शिवाय दुहेरी ओळी शोधण्यासाठी डेटाबेसला सगळा माल वर्गवारी करून धरून ठेवावा लागतो, म्हणजे ज्या मेमरीच्या भीतीनं इथे आलात तीच पुन्हा खर्ची पडते.

बाकी 'एव्हीजी' (सरासरी) नल, म्हणजे रिकाम्या किमती, सोडून देतं, 'काउंट'मध्ये कॉलमाचं नाव दिलं तर तेही सोडतं, तारांकन दिलं तर सोडत नाही. आणि बेरीज भागिले संख्या स्वतः लिहिणार असाल तर आपल्या डेटाबेसात पूर्णांकाला पूर्णांकानं भागल्यावर काय होतं ते तपासा. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस हे दोन्ही डेटाबेस अपूर्णांक कापून टाकतात.

एकाच मालावर पुन्हा पुन्हा क्वेरी चालवायच्या असतील तर सीएसव्हीतून पार्के या फाइल-प्रकारात एकदा बदल करून घ्या. सीएसव्हीत तीनच कॉलम मागितले तरी वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीतले बाराही कॉलम चाळत पुढे जावं लागतं. पार्केत कॉलम वेगवेगळे ठेवलेले असतात, नको त्यांना हातही लागत नाही.

प्रश्न: अहो ताई, सरासरीचं ठीक आहे, पण आमच्या परीक्षकांना मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारी किंमत) आणि प्रमाण विचलनही हवंय. तुकड्यातुकड्यानं तेही निघतं का?

उत्तर: विचलन निघतं, मध्यक सरळ निघत नाही.

विचलनासाठी वर्गांची बेरीज ठेवा असं जुनी पाठ्यपुस्तकं सांगतात. कागदावर ते बरोबर आहे. यंत्रावर मात्र दोन अवाढव्य आणि जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी होते आणि नेमके कामाचे अंक त्यात उडतात. आकडे मोठे आणि चढउतार बारीक असले की, जसं हवेच्या दाबाचं असतं, हा धोका वाढतो. कधी कधी विचरण (विचलनाचा वर्ग) ऋण येतं आणि माणूस वर्गमूळाच्या त्रुटीकडे बघत बसतो. यावर वेलफर्डनं १९६२ साली दिलेली रीत आजही वापरतात: संख्या, आतापर्यंतची सरासरी, आणि त्या सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज, असे तीन आकडे प्रत्येक नोंदीनिशी पुढे न्यायचे. दोन तुकडे जोडायचे तर दोघांच्या वर्गबेरजा मिळवा आणि त्यात दोन सरासऱ्यांमधल्या फरकाचा वर्ग, गुणिले दोन्ही संख्यांचा गुणाकार भागिले दोन्ही संख्यांची बेरीज, एवढी भर घाला. ती भर विसरली तर दोन महिन्यांमधला फरकच नाहीसा होतो आणि विचलन खोटं कमी दिसतं.

मध्यकाची अडचण मुळातली आहे. दोन तुकड्यांचे मध्यक माहीत असून एकत्र मध्यक सांगता येत नाही, आणि ठरावीक दोन-तीन आकडे जवळ ठेवून तो काढण्याचा मार्गही नाही. पण हार मानण्यापूर्वी आपला माल कसला आहे ते बघा. तापमान एका दशांश घरापर्यंत नोंदवलं असेल तर उणे २० पासून ५५ पर्यंत फक्त ७५१ वेगवेगळ्या किमती संभवतात. प्रत्येक गटासाठी ७५१ खाने करा आणि कोणती किंमत किती वेळा आली ते मोजा. १२,००० गट, ७५१ खाने, प्रत्येकी ४ बाइट: ३६ एमबी. त्यातून मध्यक नेमका निघतो, अंदाजानं नाही. शतमकंही (पर्सेंटाइल) निघतात. खाने तुकड्यातुकड्यानं मिळवता येतात, अगदी बेरजेसारखे. मला ही युक्ती वेलफर्डपेक्षाही आवडते, कारण सरासरी, विचलन, मध्यक सगळं त्याच खान्यांतून काढता येतं आणि -९९९९ सारखा पाहुणा कोणत्याच खान्यात बसत नसल्यानं लगेच पकडला जातो.

किमती इतक्या मोजक्या नसतील तर खाने जरा रुंद करा आणि किती चूक चालेल ते लिहून ठेवा.

प्रश्न: माझ्याकडे ४० एकसारखे चौकोनी तक्ते आहेत, १०,००० ओळी आणि ५,००० कॉलम, सगळे आकडे. मला एकच सरासरी-तक्ता हवा, खाना खान्याशी जुळवून. नमपायमध्ये (पायथनची आकड्यांच्या तक्त्यांची लायब्ररी) चाळीसही एकावर एक रचले की मशीन आडवं होतं.

उत्तर: रचूच नका. एक तक्ता ४०० एमबीचा, चाळीस म्हणजे १६ जीबी. बेरजेचा एक तक्ता ठेवा, हातातला एक, आणि संख्येचा एक. संख्या ४० च्या पुढे जाणार नाही, तेव्हा तिला एक बाइट पुरतो, म्हणजे ५० एमबी. सगळं मिळून ८५० एमबी. मिळवताना बेरजेच्या तक्त्यातच भर घाला, 'बेरीज बरोबर बेरीज अधिक नवा' असं लिहिलंत की नमपाय तिसरा ४०० एमबीचा तक्ता तयार करतं. रिकामे खाने मिळवण्याआधी शून्य करा आणि संख्येत मोजू नका, नाहीतर एका नॅननं तो खाना कायमचा जातो.

बेरजेच्या तक्त्याचा प्रकार मात्र स्वतः ठरवा. मूळ माल १६ बिटी पूर्णांकांत असेल आणि बेरीजही त्यातच केलीत तर मर्यादा ३२,७६७ ची. दाब १०,१३२ असा साठवलेला असेल तर चौथ्या तक्त्यालाच ती ओलांडते आणि खान्यात -२५,००८ येतं, कसलीही सूचना न देता. आणि चाळीसही तक्त्यांत ओळींचा क्रम एकच आहे याची खात्री जागेवरून करू नका, ओळींची नावं असतील तर ती ताडून पाहा. एका तक्त्याचा क्रम उलटा असला तरी बेरीज गुण्यागोविंदानं होते.

प्रश्न: आमच्या नोंदींत गटच कोट्यवधी आहेत, प्रत्येक ग्राहकाचा एक. बेरीज आणि संख्या ठेवली तरी मेमरी संपते. आता?

उत्तर: आता माल आधी वाटायचा. प्रत्येक ओळीतल्या ग्राहक-क्रमांकावरून एक हॅश (ठरावीक सूत्रानं मिळणारा आकडा) काढा, त्याला ६४ नं भागून उरलेली बाकी घ्या, आणि त्या बाकीच्या क्रमांकाच्या फाइलीत ती ओळ लिहा. ६४ फाइली होतील आणि कोणताही एक ग्राहक एकाच फाइलीत असेल. मग एकेक फाइल घेऊन वरचीच कृती करा. मेमरीत एका वेळी साधारण एक चौसष्टांश ग्राहक असतील. तेवढेही मावले नाहीत तर २५६ करा. एकाच वेळी किती फाइली उघड्या ठेवता येतात त्याला प्रणालीची मर्यादा असते, त्यामुळे आकडा फार फुगवू नका.

पायथनचा अंगचा 'हॅश' मात्र यासाठी वापरू नका. स्ट्रिंगसाठी तो प्रत्येक वेळी प्रोग्राम सुरू केला की वेगळा येतो. आज वाटलेल्या आणि उद्या वाटलेल्या फाइलींत तोच ग्राहक दोन ठिकाणी जाईल आणि त्याच्या दोन सरासऱ्या निघतील. सीआरसी-३२ हे हॅशचं सूत्र वापरा, त्याचं उत्तर बदलत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे युनिक्सच्या 'सॉर्ट' आज्ञेनं अख्खा माल ग्राहकाच्या क्रमांकानं लावून घेणं. मेमरीत मावत नाही ते ती स्वतःच तात्पुरत्या फाइलींत उतरवते आणि मागाहून विणते. एकदा क्रम लागला की एका ग्राहकाच्या ओळी सलग येतात, नवा क्रमांक दिसला की आधीच्याचा भागाकार करून लिहून टाकायचा. मेमरीत एकाच ग्राहकाची बेरीज. तात्पुरत्या फाइलींसाठी मूळ मालाएवढी तरी डिस्क मोकळी ठेवा, आणि ती जागा कोणत्या फोल्डरात घ्यायची ते '-T' (कॅपिटल टी) या पर्यायानं सांगा. अनेक यंत्रांवर नेहमीचा तात्पुरता फोल्डर फार लहान असतो, काहींवर तर तो रॅममध्येच असतो.